एकशे दहावर आवळलेली मूठ

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. साधासुधा नाही, टॉर्क पाना. आणि आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: मी जळका आहे. आपली कहाणी सांगणारे आधी आपले गुण सांगतात. पण माझी कहाणी माझ्या पोटदुखीभोवतीच फिरते, तेव्हा ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

साध्या पान्याने नट आवळताना किती जोर लागला हे कुणालाच कळत नाही. मला कळतं. माझ्या पोटात एक जाड स्प्रिंग आहे. मूठ फिरवली की ती दाबली जाते. मुठीपाशी आकडे कोरलेले आहेत. मला शंभरवर आणा आणि नट आवळा, शंभराचा जोर झाला की मी 'टक' म्हणतो. टक म्हणजे बस झालं, आता थांबा. मला एवढंच बोलता येतं, पण मोटारीच्या चाकाला एवढं पुरतं.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एका चष्मेवाल्या बाईंनी मला यंत्रावर लावून वीस वेळा बोलायला लावलं, आणि वीसही वेळा मी बरोबर बोललो तेव्हा माझ्या डबीत सही केलेला कागद ठेवला. त्या कागदाचा मला इतका अभिमान की काय सांगू. मग मला एका मिस्त्रींनी विकत घेतलं. त्यांचं गॅरेज मोठ्या रस्त्याच्या वळणावर होतं. दोन गाड्यांपुरती जागा, मागे लोखंडी बाक, बाकावर वस्तू घट्ट पकडून ठेवणारा वाइस, भिंतीवर पान्यांची रांग. त्या रांगेत पहिली खुंटी माझी.

मिस्त्रींना एक मुलगी होती. तिला ते चिमणी म्हणत. पुढे ती एकटी गिअरबॉक्स उचलायला लागली तरी चिमणीच म्हणत. ती दहा वर्षांची असताना मिस्त्रींनी तिच्या हातात प्रथम मला दिलं. ती दोन्ही हातांनी लोंबकळली, मी टक म्हणालो, आणि ती खुदकन हसली.

"टक ऐकलं की हात काढायचा," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या पुढे जोर लावणं म्हणजे नुसती मस्ती."

त्या दिवसापासून ती माझी झाली. निदान मी तसं धरून चाललो. तिच्या तळहाताला माझ्या मुठीच्या रेघांचे घट्टे पडले होते आणि गिऱ्हाइकाशी बोलतानाही ती मला खांद्यावर टाकून उभी राहायची. बाकीचे पाने माझ्याकडे बघून कुढायचे. मला ते आवडायचं.

मग ती आली. हवेच्या दाबावर नट फिरवणारी गन. लाल अंग, काळी मूठ, शेपटीला कॉम्प्रेसरची नळी. त्या दिवशी चिमणी मला घेऊन एका चाकाचे नट आवळत होती. मला एकशे दहावर लावलेलं होतं. चार नट झाले होते आणि दारात खोकं आलं. तिने मला होतं तसं खुंटीला अडकवलं आणि खोकं फोडायला धावली. उरलेले दोन नट गनने आवळले. घर्रर्र, आणि झालं. अर्ध्या मिनिटात चाक.

"बाबा, बघितलंत?" ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मित्रांनो, सहा वर्षं मी खुंटीवर होतो. समोरच्या हुकला गन. तिला रोज दोन थेंब तेल, रोज फडक्याने पुसणं. मला धूळ. ती घर्रर्र करून चाकं उतरवायची, चढवायची, आणि तिच्या त्या तोऱ्याने भिंतीवरचा मी हादरायचो. मी मनात म्हणायचो, हिला काय कळतं? हिला थांबता येतं का? ही एक दिवस तोंडघशी पडेल आणि तेव्हा सगळे माझ्याकडे बघतील. हेच मी सहा वर्षं घोकत होतो. दुसरं काही काम नव्हतं मला.

या काळात मिस्त्रींचे गुडघे गेले. ते दारातल्या स्टुलावर बसून चहा पिऊ लागले आणि गॅरेज चिमणीच्या हातात आलं. काही गिऱ्हाइकं तिला बघून परत फिरत. पण एक काचवाला होता, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या गाडीला ताईच हात लावतील." त्याचा पिकअप होता. मागे लाकडी घोडा, घोड्याला गादी, आणि गादीला टेकवून उभ्या केलेल्या काचा. हे एक गिऱ्हाईक चिमणीने स्वतः मिळवलेलं होतं.

एक दिवस तो कपाळाला आठ्या घालून आला. "ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, ताई. काल दोन आरशांचे कोपरे उडाले."

चिमणी गाडी घेऊन रस्त्यावर गेली आणि आली. "स्टेअरिंग थरथरतंय, सीट नाही. म्हणजे भानगड पुढच्या चाकांत आहे. आणि फक्त ब्रेक मारतानाच थरथरतंय, म्हणजे टायरचा दोष नाही. डिस्क बघते." तिने गनने चाकं काढली. चाकामागे असलेली लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. ब्रेक तिलाच पकडतात. तिने घड्याळासारखं मापयंत्र लावून डिस्क हळूहळू फिरवली. काटा डुलत होता. डिस्क केसभर वाकडी होती. तिने ती लेथवर घासून सरळ करून आणली, गनने चाकं चढवली, आणि थरथर गेली.

दोन महिन्यांनी परत आली. चिमणीने नव्या डिस्क बसवल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

"ही तिसरी वेळ," काचवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "परवा मला एका दुकानाची दर्शनी काच न्यायची आहे. आठ फूट बाय सहा. ती फुटली तर तेवढी दुसरी महिनाभर मिळणार नाही. तुमच्यावर भरवसा आहे, ताई, पण या वेळी जमलं नाही तर मी दुसरीकडे जाईन."

चिमणी मान खाली घालून उभी राहिली. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्या मुलीने मला खुंटीवर टांगलं तिची फजिती झाली, एवढंच मला दिसत होतं. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "डिस्क वाकडी आहे हे तू तीनदा शोधलंस. ती वाकडी कोण करतंय, ते शोधलंस का?"

"खराब माल असेल, बाबा."

"जुनाही खराब, नवाही खराब? नट सोड बघू. गनने नको, हाताने."

तिने साधा पाना लावला. पहिला नट हलक्या हाताने सुटला. दुसऱ्यावर ती पाय देऊन उभी राहिली तेव्हा कुठे हलला. तिसरा त्याच्या मधला. सहा नट आणि सहा तऱ्हा. चिमणी पान्याकडे बघत राहिली, मग हळूच तिची नजर गनकडे गेली.

"नटच डिस्कला दाबून धरतात," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "एक घट्ट, एक सैल, म्हणजे डिस्क तिरकी बसते. मग फिरताना एकाच जागी घासत राहते, तिथे झिजते, आणि ब्रेक तिला धरतो-सोडतो. मीच करत होते हे. मी बोट काढेपर्यंत गन आवळतच राहते."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांनी. तिने मला खाली घेतलं, धूळ पुसली, मुठीवरचा आकडा वाचला. "एकशे दहाच आहे की. हेच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी डिस्क पुन्हा सरळ होऊन आल्या. तिने त्यांच्या मागच्या बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढला. मग आधी वरचा नट, मग त्याच्या समोरचा खालचा, असं करत तिने मला फिरवलं. टक. टक. टक. प्रत्येक टकनंतर मी गनकडे बघत होतो. काचवाला चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोण्यासारखी थांबते." मी इतका फुगलो की खुंटीवर मावेनासा झालो.

मिस्त्रींची एक जुनी पद्धत होती. चाक काढून पुन्हा बसवलेली गाडी पन्नास किलोमीटर रिकामी फिरवून परत आणायची, नट पुन्हा तपासायचे, मगच माल भरायचा. काचवाला कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी आला. काच भरायच्या आधी, सकाळीच.

"थरथर नाही," तो म्हणाला. "पण वळताना डावीकडून काहीतरी कट कट वाजतंय. काच घासत असेल गादीवर, असं म्हणणार होतो, पण गाडीत काच नव्हतीच."

चिमणीने मला नटाला लावलं. टक, मी म्हणालो. दुसऱ्याला लावलं. टक. सहाही ठिकाणी मी ठणकावून टक म्हणालो.

"घट्ट आहेत," ती म्हणाली. "भरा काच."

"थांब," मिस्त्री म्हणाले. ते भिंतीला धरून उठले, साधा पाना घेतला आणि एका हाताने नट आणखी पाव फेरा आवळला. गुडघे गेलेल्या माणसाने, एका हाताने.

त्यांनी मला वाइसमध्ये आडवं धरलं, मूठ शंभराच्या जरा खाली आणली आणि माझ्या दांड्याला अर्ध्या मीटरवर खूण केली. शेजारच्या भंगारवाल्याकडून वजनं आणली. "इथे वीस किलो टांगलं की बरोबर या आकड्याएवढा जोर पडतो, तेव्हा याने बोललं पाहिजे," ते म्हणाले. दहा किलो टांगलं. मी गप्प. मग त्यात आणखी पाच.

टक.

मी आवरायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण पोटातली स्प्रिंगच पंधराला सुटली.

"हा खुंटीवर कितीवर होता?" मिस्त्रींनी विचारलं.

चिमणी म्हणाली, "एकशे दहावर. गन आली त्या दिवशी तसाच लटकवला होता."

"सहा वर्षं स्प्रिंग आवळलेली," मिस्त्री म्हणाले. "तिचा जोर जाणारच. कुणाची शुद्ध राहील?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी गनला नावं ठेवली की तिला थांबता येत नाही. आणि मी? मी वेळेच्या आधीच थांबत होतो, तेही छाती पुढे काढून. तिची चूक स्टेअरिंगला तरी जाणवत होती. माझ्या चुकीने चाकच निखळलं असतं. गाडीत काच असती आणि काचवालाही.

चिमणी रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याकडे पळाली आणि त्याचा टॉर्क पाना घेऊन आली. नवाकोरा, चकचकीत, माझ्याहून हातभर रुबाबदार. एरवी त्याला बघून मी जळून खाक झालो असतो. तिने त्याची मूठ फिरवली, नटाला लावला, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की दुसऱ्या कुणाचा तरी आवाज बरोबर निघू दे.

सगळे नट पाव पाव फेरा फिरले, आणि मग त्याने टक म्हटलं.

काच दुपारी निघाली. चिमणीने तीन तास काही खाल्लं नाही. मग फोन वाजला. "बसली, ताई," काचवाला म्हणाला. "चरासुद्धा नाही." आणि मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला येतो." ती बाबांच्या स्टुलाशेजारी बसली. मिस्त्रींनी आपला कप तिच्यापुढे सरकवला.

मला मापं तपासणाऱ्या कार्यशाळेत पाठवलं गेलं. तिथे माझी स्प्रिंग बदलली, मला वजनावर बोलायला लावलं आणि सही केलेला नवा कागद दिला. परत आलो तेव्हा माझी खुंटी गनच्या शेजारी होती. आता ती नट सोडते आणि मी आवळतो. तेल अजूनही आधी तिलाच मिळतं. पोटात दुखायचं थांबलं असं म्हणालो तर ते दुसरं खोटं होईल.

पण मित्रांनो, एक सांगतो. तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. काम झालं की त्याची मूठ सोडा. आम्हाला स्वतःहून सैल होता येत नाही. आवळलेलं कुणी तरी येऊन सोडावं लागतं, आणि रोज सोडावं लागतं.

चिमणी आता ते विसरत नाही. गॅरेज बंद करताना ती गनची नळी गुंडाळते, मग मला हातात घेते आणि मूठ उलटी फिरवते. नव्वद, सत्तर, पन्नास, तीस. अगदी खालच्या रेघेपर्यंत. मग मला खुंटीवर ठेवते आणि दिवा मालवते.