भिंगरीच्या चोचीतला चिखल

“पाकोळी हाय ती. तिला कावून भितीस?” विहिरीच्या तळातून त्रिंबक बायकोवर ओरडला.

साखराबाईला ते पटलं नाही. पाकोळी काळपट, सदा हवेत फिरणारी. ती मातीला चोच लावत नाही. ही पाठीवर निळीशार, पोटाला पांढरी, डोक्यावर तांबडी टोपी आणि शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा. ही भिंगरी. साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेल्यावर कालव्याच्या पुलाखाली तिनं हिला घरटं बांधताना पाहिलं होतं. ओल्या चिखलाशिवाय हिचं घरटं होत नाही.

आणि हा चिखल ती उचलत होती त्रिंबकच्या डोक्यावरच्या मातीच्या भिंतीतून. शिरूर कासारच्या त्या दुष्काळात ही भिंत कालपर्यंत कोरडीठाक होती.

गाळ काढणारे बाकीचे गडी भाकरीला वर आले होते. विहिरीचे मालक, सोसायटीचे चेअरमन सुंदरराव खुशीत म्हणाले, “झरा लागला म्हणायचा! नारळ आणा रे.”

“झरा न्हाई मालक, भित्ताडामागं पाणी साचलंय. समदी माती खाली बसंल. त्यास्नी वर घ्या!” साखराबाई म्हणाली.

सगळे हसले. एसटीच्या हॉर्नलाही दचकणारी बाई ती, तिचं कोण मनावर घेणार? दोर ओढायच्या यारीवरचा गहिनीनाथ म्हणाला, “वैनी, खालून इशारा आल्याबिगर दोर वडता येत न्हाई.” यारीचा तसा नियमच असतो.

साखराबाई विहिरीच्या काठावर पालथी पडली आणि जीव खाऊन ओरडली, “अवं, वर या! तुमची माय गेली वं!”

खाली कुदळीचा आवाज थांबला. मग दोराला हिसका बसला. गहिनीनाथनं यारी चालू केली. त्रिंबक निम्म्यावर आला असेल, तोच भिंत धडाडून कोसळली. धुळीत काहीच दिसेना. “त्रिंबक! त्रिंबक!” साखराबाई ओरडत राहिली. नवऱ्याचं नाव आजवर तिनं कधी घेतलं नव्हतं.

दोर मात्र ताणलेलाच होता. मातीनं माखलेला त्रिंबक वर आला. विहिरीकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

“माय कवा गेली?”

“हाय की. भाकर खाऊन निजलीया.”

तो वळून विहिरीत कोसळलेल्या भिंतीकडे बघू लागला. मग सगळ्यांदेखत खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. साखराबाई पदरानं त्याचं तोंड पुसू लागली.

“चला घरी,” ती हळूच म्हणाली. “पर मी असं बोलले म्हणून मायला सांगू नगा. मला लई भ्या वाटतं त्यांचं.”