तपकिरी बाटलीत पडलेला अंगारा

मित्रांनो, यवतमाळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये राहणारी तपकिरी काचेची जुनी बाटली मी. माझ्या पोटात मळकट पांढरी भुकटी आहे. ई-जीवनसत्त्वासारखीच, पण कारखान्यात घडवलेली. ते तेलात विरघळतं, ही पाण्यातही. उजेडानं ती बिघडू नये म्हणून माझा रंग असा.

मला मोठं नवल वाटे ते इथं संशोधन करणाऱ्या वैष्णवीच्या प्रयोगाचं. ती नळीत शेळीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेई आणि त्यांच्यावर जहाल रसायन सोडी. पेशी फुटल्या की सारं पाणी लाल! माझी भुकटी आधी घातली, की पेशी तळाशी शांत बसत आणि वर पाणी नितळ राही. आपण कुणाला वाचवू शकतो, हे मला तिथंच कळलं.

सोमवारी तिचे मार्गदर्शक अवधूत सर हा प्रयोग पाहणार होते. जमला तरच वैष्णवीला पुढचं काम मिळणार होतं. आदल्या दिवशी ती सराव करत होती. दारव्ह्याहून तिची आई, विमलताई, डबा घेऊन आली होती. वैष्णवी नळ्या धुवायला गेली, तेवढ्यात ताईंनी माझं झाकण उघडलं, डोळे मिटून काही पुटपुटल्या, चिमूटभर काहीतरी आत टाकलं आणि मला हलवून ठेवलं.

दुपारी सगळ्या नळ्या लाल झाल्या. वैष्णवी टेबलावर डोकं ठेवून रडू लागली.

"काहून रडून राह्यली, पोरी?"

"भुकटी बिघडली, आई. उद्या काय दाखवू?"

ताईंचा चेहरा उतरला. "मी त्यात अंगारा टाकला. कळंबच्या चिंतामणीचा. म्हटलं, औषधाले गुण येईन, तुह्या बाबाचे हात थरथरनं थांबतीन."

"बाई वो! हे औषध नाही, आई!"

"मंग पेशी वाचत होत्या म्हनतेस ते?"

"नळीतल्या वाचल्या. माणसाले देऊन चालते का, ते कोनालेच माहीत नाही अजून."

"कधी कळंन?"

वैष्णवीनं डोळे पुसले आणि लाल नळ्या धुवायला घेतल्या. मलाही तेच विचारायचं होतं.

सोमवारी तिनं सरांना खरं ते सांगितलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "राखेनंच झालं कशावरून? नवी भुकटी मागवतो. राख टाकून आणि न टाकता, दोन्ही करून पाहा. काम चालू ठेव."

रात्री मुक्कामी राहिलेल्या ताई दाराशी उभ्या होत्या; त्यांनी कमरेची पुडी सोडली. त्यातला अंगारा आधी लेकीच्या कपाळाला लावला, मग उरलेली पुडी तिच्या हातात दिली.

"घे, तपासून पाह्य. देव नाही रागावत."

आता माझ्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी आहे. नव्या मुलांना वैष्णवी मला दाखवते. मित्रांनो, अनोळखी बाटली दिसली तर तिच्यात काही घालू नका, तिच्यातलं काही खाऊ नका. आधी विचारा. विचारून झालं, की आणखी विचारा. वैष्णवीच्या बाबांचे, मारोतरावांचे, हात अजून थरथरतात, आणि लेक अजून उत्तर शोधते आहे.