बाबांनी बंद करायला सांगितलेलं मशीन

बाबांच्या संगणकाची मूळ सिस्टीम काही केल्या जागी होत नव्हती. निळा पडदा यायचा आणि स्वारी तिथेच अडून बसायची. दादा म्हणाला, भंगारवालासुद्धा याला हात लावणार नाही. पण त्यात बाबांचा आवाज होता. माइक नवा आणला तेव्हा मला शेजारी बसवून त्यांनी काहीतरी रेकॉर्ड केलं होतं. माझी लेक झाली ती ते गेल्यावर. आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो, एवढंच तिच्या वाट्याला येऊ नये असं मला फार वाटायचं.

शेवटी कुरकुरत का होईना, दादाने पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून दिलं. "ही सिस्टीम पाहुणी आहे," त्याने बजावलं. "डिस्कवर काही ठेवत नाही, नुसती मेमरीत राहते. मशीन बंद केलंस की मांडलेलं सगळं गेलं. फाइल मिळाली की आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घे, मग ऐक. डिस्क आता कधीही जाईल."

दुपारी लेक झोपल्यावर मी बसले. पाहुणी आली. आतला सेल संपलेला, त्यामुळे कोपऱ्यातलं घड्याळ माझ्या शाळेतल्या वर्षांची तारीख दाखवत होतं. त्या तारखेला बाबा पलीकडच्या खोलीत असणार, असं वाटून मी वळून पाहिलंसुद्धा. डिस्क टकटक करत होती, कुणी नखाने टेबल वाजवावं तशी. फाइल सापडली. घाईने ती समोरच्या डेस्कटॉपवर ओढून घेतली. दुसरा पेनड्राइव्ह शोधते तर तो लेकीच्या तोंडात. बाईसाहेब कधीच उठून बसल्या होत्या.

तिला मांडीवर घेतलं. पेनड्राइव्ह लाळेने चिंब झालेला. तो वाळेपर्यंत एकदाच ऐकू, म्हटलं.

"बोल की काहीतरी. एरवी तर तोंड बंद नसतं तुझं."

बाबा. मग एक किनरं हसू, माझं. खुर्ची करकरली. लेक मूठ चघळायची थांबली.

"बरं, झालं गं. आता बंद कर मशीन."

"हो बाबा," मी म्हणाले आणि बंद केलं. त्यांनी सांगायचं आणि मी लगेच उठायचं, लहानपणापासून हे असंच. पडदा काळा झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

पुन्हा सुरू केलं. पाहुणी आली, डेस्कटॉप रिकामा. डिस्क दोनदा वाजली आणि कायमची गप्प झाली.

दादाला फोन केला. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं.

"तसं नाही. त्यांच्यासारखं म्हण."

मी आवाज खाली नेला, शेवटचा शब्द त्यांच्यासारखाच लांबवला. आणि लेकीने दोन्ही हातांनी माझं तोंड उघडलं आणि ती आत वाकून पाहू लागली.