घरचं कापड

नाशकात द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानाच्या वर, एका खाजगी कॉम्प्युटर क्लासमध्ये उज्वला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायची. खाली ट्रकांचे हॉर्न, वर पंख्याची घरघर. त्या गदारोळात मुलांच्या गळी उतरवायचं काय, तर मशीनमध्ये प्रोसेसर एकच असतो, तरी त्यावर दहा प्रोग्रॅम एकदम चालल्यासारखे दिसतात. पुस्तकातली व्याख्या वाचली की मुलं जांभया द्यायची. मग ती खडू खाली ठेवायची आणि आपल्या वडिलांची गोष्ट काढायची.

धोंडीराम सायखेड्याचे शिंपी. सण जवळ आला की सगळं गाव कापड घेऊन दारात. नंतर या म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. म्हणून धोंडीराम आलेलं कापड गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत कापून टाकायचे. कापलेलं कापड घेऊन कोण कुठं जातंय? मग एकाची बाही जोडायची, हात थांबला तिथं टाचणी लावायची, घडी घालून बाजूला. मग दुसऱ्याची कॉलर, टाचणी, घडी. मग तिसऱ्याचं. जो डोकावेल त्याला आपलं काम हातात घेतलेलं दिसायचं आणि तो खूश होऊन परत जायचा.

"प्रोसेसर हेच करतो," उज्वला सांगायची. "प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. वेळ संपला की कुठवर आलो त्याची खूण ठेवायची आणि पुढच्याला घ्यायचं. तो इतका चपळ असतो, की प्रत्येकाला वाटतं मशीन आपल्या एकट्याचंच आहे."

मग कोणीतरी विचारायचंच, की सगळ्यांना सारखाच वेळ का? नाही. लग्नघरचे ब्लाउज आधी, हेडमास्तरांची पँट आधी. आणि एक कापड कायम तळाला. घरचं. ती चौथीत असताना आईने तिच्या फ्रॉकसाठी पिवळं, लाल फुलांचं कापड आणलं होतं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते कापलं, कमरेपर्यंत शिवलं, टाचणी लावली आणि बाजूला ठेवलं. रोज विचारलं की एकच उत्तर, "घरचंच हाय, थांबंल." दिवाळी आली आणि गेली. उज्वलाने जुन्याच फ्रॉकवर फराळ खाल्ला.

वर्ग हसायचा. तीही हसायची. "याला स्टार्व्हेशन म्हणतात. उपासमार. कोणी मुद्दाम करत नाही. फक्त दर वेळी त्याच्यापेक्षा महत्त्वाचं कोणीतरी येतं. सांगतात, परदेशातलं एक जुनं मशीन बंद करायला घेतलं, तेव्हा त्यात एक प्रोग्रॅम सापडला. कित्येक वर्षांपूर्वी दिलेला. त्याची पाळीच आली नव्हती." मग ती फळ्याकडे वळायची. "उपाय सोपा आहे. जो थांबलाय, त्याचा नंबर तो थांबेल तसा वर सरकवायचा. मग कितीही क्षुल्लक असला तरी एक दिवस तो सगळ्यांच्या पुढे येतोच."

मोठं छान शिकवायची. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तसलीच गत.

नव्व्याण्णव साली क्लासला नुसती झुंबड उडाली. दोन हजार साल लागलं की जुने कॉम्प्युटर बंद पडणार, अशी आवई उठली होती आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. त्याच उन्हाळ्यात बटणं आणि दोरे न्यायला नाशकात आलेले धोंडीराम क्लासचा जिना चढून आले. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीवर जोरात आपटला.

"आबा, एवढं मोठं दार दिसलं नाही?" उज्वला हसली.

"बाजूचं दिसत नाय हल्ली," खांदा चोळत ते म्हणाले. "समोरचं दिसतं. पण कडंकडंनं धूर असल्यागत वाटतं."

"दुखतंय का?"

"दुखत नाय काय."

दुखत नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. चष्म्याचा नंबर बदलला असेल, परीक्षा झाल्या की डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ, असं ती म्हणाली. धोंडीरामांनी मान डोलावली. "तुझं आधी उरकून घे. माझं काय, घरचंच हाय."

परीक्षा झाल्या. मग सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं निघालं. त्या रात्रंदिवस कण्हायच्या, त्यामुळे त्यांचा नंबर आधी लागला. मग दिराचं लग्न. मग नवी बॅच, मग मुलीचा ताप. उज्वलाचा नवरा ललित याने एकदोनदा आठवण करून दिली, "आबांना न्यायचं होतं ना?" ती म्हणायची, "हो, हे एवढं संपू दे." रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि धोंडीराम तर रडणाऱ्यांतले नव्हतेच. शेजारच्या किराणा दुकानातून फोन करायचे, नातीची चौकशी करायचे, पावसापाण्याचं बोलायचे. डोळ्यांचं तिने विचारलं तर "चाललंय" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. तिलाही तेवढं पुरायचं. खरं सांगायचं तर तिला तेवढंच ऐकायचं असायचं.

दोन हजार साल लागलं. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. संक्रांतीनंतर किराणा दुकानवाल्या भिकाचा फोन आला. "ताई, आबांना मोटरसायकलनं उडवलं. हातपाय धड हायेत, घाबरू नका. पण गाडी पार बाजूला आली तरी त्यांना दिसली नाय. पोरगा हॉर्न वाजवत व्हता, तर हे भलतीकडंच बघत व्हते."

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना नाशकात आणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध घालून बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. हा आजार दुखत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. एक डोळा जवळपास गेलेलाच आहे. दुसऱ्यात समोरचं मूठभर उरलंय, औषधाने ते टिकलं तर टिकेल. गेलेलं परत येत नाही.

"सात-आठ महिने आधी आला असता तर बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत?"

उज्वला पुढे सरकली. ती बोलणार, तोच धोंडीराम म्हणाले, "कुणाला सांगणार साहेब? कळलंच नाय मला."

तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ती मान खाली घालून त्यांच्या चपलांकडे बघत बसली. फळ्यावर दोन वर्षं लिहीत आलेला उपाय तिला तिथे बसल्या बसल्या शब्दन् शब्द आठवला, आणि स्वतःची शिसारी आली.

धोंडीरामांनी दुकान बंद करायचं ठरवलं. गिऱ्हाइकांची कापडं त्यांनी भिकाकरवी ज्याची त्याला परत पोचवली. तुम्ही आता आमच्याकडेच राहा, म्हणून उज्वला त्यांना आणायला सायखेड्याला गेली. या वेळी तिने मध्ये काहीही येऊ दिलं नाही, बॅचसुद्धा सोडली. तेवढाच काय तो शहाणपणा, तोही वरातीमागून घोडं.

ती पोचली तेव्हा दुपार होती. दुकानातल्या मांडणीच्या फळ्या रिकाम्या, भिंतीवर कापडांच्या ढिगांचे डाग. आणि मशीन चालू होतं. धोंडीराम वाकून, जवळजवळ सुईला नाक लावून काहीतरी शिवत होते. डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त. जवळ गेल्यावर तिला पिवळा रंग दिसला, विटलेला, त्यावर लाल फुलं. मशीनच्या पाटीवर एक टाचणी पडली होती, गंजून काळी झालेली.

"तुझा फ्रॉक," आवाज ओळखून ते म्हणाले. "ट्रंकेच्या तळाशी व्हता. आता कुणाचंच काम नाय, म्हणलं लावू याचा नंबर."

त्यांनी दोरा तोडला आणि फ्रॉक तिच्यापुढे धरला. शिवण घेराजवळ भरकटून पार बाहेर गेली होती. एक खिसा खाली, एक वर. उज्वलाची स्वतःची मुलगी आता या मापाच्या पुढे गेली होती. घरात कोणालाच तो येणार नव्हता.

"सरळ आलीया ना शिवण?"

"सरळ आहे, आबा."

"खांद्याला लाव बघू."

तिने तो अंगाशी धरला. धोंडीरामांनी सवयीने खांद्यावर बोटं ठेवली आणि वीत वीत खाली सरकत गेले. फ्रॉक कमरेच्या खाली थोडासाच उतरून संपला. त्यांची बोटं काठावर थांबली, पुन्हा वर जाऊन खाली आली आणि पुन्हा तिथेच थांबली.

"लय उशीर केला, पोरी," ते म्हणाले. "घरचंच हाय, थांबंल, असं करत गेलो. मनात ठेवू नकोस."

जे तिने म्हणायला हवं होतं, ते आबाच म्हणत होते. फ्रॉक तसाच छातीशी धरून ती उभी राहिली, आणि धोंडीराम हाताने मशीनची पाटी चाचपत पडलेली टाचणी शोधत राहिले.