ब्रेकची जागा

घोड्याला लगाम, नावेला वल्हं, तसा त्या घराला वेग. वेगाचं नाव काढल्यावाचून तिथे चहासुद्धा उकळत नसे. दोघे भाऊ, दोघांचं मिळून एक गॅरेज. थोरल्याच्या हाताखाली वेगाच्या कार, धाकट्याच्या हाताखाली शर्यतीच्या बाइक. आणि दोघांच्या मधोमध थोरल्याची बायको. मधोमध म्हणजे अगदी मधोमध. सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर एका अंगाला कार, दुसऱ्या अंगाला बाइक लागली, की मधल्या पट्ट्यावर उभं राहून झेंडा खाली टाकायचं काम तिचं.

त्या धावपट्टीवरून विमानं उडायची केव्हाच बंद झाली होती. भेगांतून गवत आलं होतं. मधे जमिनीला जरासा फुगवटा होता, त्यामुळे सुरुवातीला उभं राहिलेल्या माणसाला पट्टीचा शेवट दिसत नसे. त्या शेवटाला सिमेंटची भिंत होती आणि भिंतीच्या अलीकडे जुन्या टायरचे पांढरे रंगवलेले दोन ढीग. पहिला ढीग बाइकचा, दुसरा बऱ्याच पुढे, कारचा. पहिल्या ढिगापाशी बाइकने ब्रेक लावायचाच, नाहीतर भिंत. कारला मात्र दुसऱ्या ढिगापर्यंत मुभा. गिऱ्हाइकं विचारत, असा दुजाभाव का, तेव्हा थोरला हसून आपले दोन्ही पंजे त्यांच्यापुढे धरायचा.

"बाइकचे दोन तळवे जमिनीला टेकतात, तेही एवढुसे. कारचे चार, आणि चांगले पसरट. पळायला दोन्ही वाघ. थांबायला मात्र चार पायच लागतात."

मग स्वतःच्या उजव्या पायाकडे बघायचा. गुडघ्याखाली तो नव्हताच. "मला विचारा," म्हणायचा, आणि सगळे हसायचे, कारण तो हसायचा.

एके काळी त्याला गोफण म्हणत. वळणात शिरला की गोफणीतून दगड सुटावा तसा बाहेर पडायचा. मग एका शर्यतीत शेवटच्या वळणावर त्याची बाइक सरळ निघाली ती कठड्यावर जाऊन आदळली. पाय गेला, पण कथा राहिली. आजवर त्या वळणात कुणी आणलाच नव्हता इतका वेग त्याने आणला, म्हणून गाडी मावली नाही. ही कथा तो गिऱ्हाइकांना सांगे, भिंतींना सांगे, जेवताना ताटाला सांगे. पाय गेलेला माणूस कथेच्या कुबडीवर चालत होता.

तिच्याशी मात्र तो कथेत बोलत नसे. "भित्रे," एवढीच तिची हाक. जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला, "भित्रे." पातेलं उतू जाईल म्हणून गॅस बारीक केला, "बघा, लगेच ब्रेक." गिऱ्हाइकांपुढे तर त्याला जोरच यायचा. ताकद आणि वजन यांचं गणित समजावताना तो तिच्याकडे बोट करायचा. "दोनशे किलोची बाइक, दोनशे घोड्यांची ताकद. म्हणजे किलोमागे एक घोडा. आणि आता हे मॉडेल बघा. वजन वर्षाला वाढतंय, इंजिन माहेराहूनच आलेलं नाही."

लोक हसत. तीही ओठ हलवी. जात्याच्या दोन पाळ्यांत सापडलेल्या दाण्याला हसू येत असेल तर ते असंच येत असेल.

पण तिच्या मनात एक वेडी आशा होती. तिला वाटे, हा एकदा, फक्त एकदा, बाइकला बाइकच्या अंतरात हरवेल, त्या दिवशी याचं मन निवेल. संपूर्ण धावपट्टीभर पळाले तर कार शेवटी बाइकला गाठतेच, वारा अंगावर घेऊन पळणं कारलाच जमतं. त्याला ते जिंकणं नको होतं. त्याला अर्ध्या पट्टीची शर्यत हवी होती, जिथे बाइकच राजा. ती बाइकही एके काळी त्याचीच. म्हणून त्या सकाळी धाकटा टायर गरम करायची ब्लँकेटं चाकांवरून सोडवत होता, तेव्हा ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"भाऊजी, आज त्यांना जिंकू द्या."

त्याने मान वर केली नाही. "वहिनी, तू हे मला सांगू नकोस."

"मग कुणाला सांगू? कारला?"

"त्याला कळेल गं."

"नाही कळणार. खिडकीबाहेर बघायला त्यांना सवड असते का?"

धाकटा ब्लँकेटाची घडी घालत राहिला. मोठ्या भावाने पहिल्यांदा बाइकवर बसवलं तेव्हा पाय जमिनीला पोचत नव्हते त्याचे, त्या भावाचं त्याच्यावर ऋण होतं आणि तिची त्याला दया होती. "बरं," तो म्हणाला. "या एकाच वेळी."

जमलेल्यांत लाल कारवाला दंतवैद्य होता आणि बाइकवेडा बेकरीवाला होता. दोघांचं नेहमीचं चाललं होतं.

"चार चाकं म्हणजे चार चाकं. छप्पर असतं डोक्यावर," दंतवैद्य म्हणाला.

"छप्पर हवं तर घरी बसा की," बेकरीवाला म्हणाला. "दात काढायला काय वेग लागतो?"

तिने झेंडा वर धरला. डावीकडे कार गुरगुरली, उजवीकडे बाइक किंचाळली. झेंडा खाली आला. वारा तिच्या दोन्ही कानांशेजारून दोन दिशांनी फाटत गेला. आधी कार पुढे झेपावली, कारण बाइकला सुरुवातीला पुढचं चाक जमिनीवर ठेवायचीच कसरत करावी लागते. मग बाइकने अंतर तोडत आणलं, कारची बरोबरी गाठली, आणि आता निघणार, आता निघणार असं वाटता वाटता बाइक तिथेच राहिली. अर्ध्या पट्टीच्या रेषेवर कारचं नाक पुढे होतं.

बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. दंतवैद्य नाचायचाच बाकी होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते झेंड्यानेच पुसलं.

कार वळून हळू हळू परत आली. नवरा खाली उतरला नाही. काच खाली होती. त्याने धाकट्याला बोटाने जवळ बोलावलं, लाडाने बोलवावं तसं.

"तिसऱ्या गिअरला तुझे पुढचे शॉकअप खाली बसले."

धाकटा हातमोजा ओढून काढू लागला.

"वेग वाढत असला की बाइकचं नाक वर असतं. थ्रॉटल सोडला की खाली बसतं. मी त्या बाइकवर जन्म घालवलाय. मला नाक शिकवतोस?"

"दादा, गिअर नीट पडला नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

धाकट्याला त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. ते क्षणभर झेंड्याकडे गेले. नवरा हसला.

"वा! म्हणजे आमच्या घरात माझ्यासाठी भीक मागायचं कामही सुरू झालं. ऐका हो, आमच्या बाईसाहेबांनी शर्यत विकत घेतली. आपल्या नवऱ्याला खाऊ म्हणून!"

"अहो, मी फक्त..."

"तू झेंडा धर. तेवढंच जमतं तुला. आणि तू, बस गाडीवर. या खेपेला नाक खाली दिसलं तर घरात पाऊल टाकू नकोस."

दुसऱ्या खेपेला धाकट्याने दया केली नाही. दुसऱ्या गिअरला तो कारच्या दारापाशी होता, तिसऱ्याला नाकापाशी, आणि मग बाइक अशी निघाली जसा सुईतून दोरा ओढून घ्यावा. रेषेवर दोघांत इतकी जागा होती की मधे बैलगाडी वळवता आली असती. दंतवैद्य घड्याळ बघू लागला. बेकरीवाल्यालाही टाळी वाजवावीशी वाटली नाही.

परत आल्यावर नवरा उतरला. कुबडी घेतली. बाइकभोवती एक फेरी मारली आणि धाकट्याच्या हेल्मेटवर बोटाने टकटक केलं.

"सरळ रस्त्यावर मूठ पिळायला काय लागतं? माकडसुद्धा पिळेल. मर्दाची पारख वळणात होते. वळणात तुझी मूठ सैल पडते, मी पाहिलंय. तू भित्रा. ही भित्री. भित्र्यांच्या या घरात खऱ्या वेगाने गेलेला मी एकटाच, आणि त्याची किंमत मी पायाने दिलीय. आहे तुझ्यात देण्यासारखं काही?"

धाकट्याने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा घामाने भिजला होता. बोलला ते मात्र हळू, इतकं हळू की सगळ्यांना ऐकावं लागलं.

"दादा, मी तुझ्या मागे होतो त्या दिवशी."

"मग?"

"मी त्याच वळणात त्याच वेगाने होतो. मी निघालो बाहेर. तुझी गाडी कललेली होती ती अचानक उभी झाली. वळणात कललेली गाडी उभी कधी होते, हे तूच शिकवलंस मला. पुढचा ब्रेक दाबला की. वेग जास्त नव्हता, दादा. तू भ्यालास."

गवतात कुठेतरी टोळ वाजत होता, तोही थांबला असं तिला वाटलं.

"खोटं," नवरा म्हणाला.

"वहिनीला विचार. इस्पितळात त्याच संध्याकाळी तिला सांगितलं होतं मी."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, माणूस माणसाकडे पाहतो तसं. तिला हे माहीत होतं. दर जेवणाला ती कथा ऐकताना, दर "भित्रे"ला मान खाली घालताना तिला हे माहीत होतं. तिने ते पोटात ठेवलं होतं, लेकराला पोटात ठेवावं तसं. आता तिने झेंड्याची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि या वेळी मान खाली घातली नाही. तेवढं पुरलं.

"बस गाडीत," तो म्हणाला.

"अहो..."

"बस म्हणतोय ना. पूर्ण पट्टी जाऊ. कारच्या ढिगापर्यंत नाही, ढीग मागे टाकून ब्रेक लावीन. तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि येऊन यांना सांग कोण भितं ते. शेवट यांना इथून दिसत नाही, तू साक्षीदार."

"दादा, तिला नको नेऊस," धाकटा पुढे आला.

"का? भीती वाटते?"

ती बसली. पट्टा लावताना बोटं चुकली, तर तो म्हणाला, "लाव, लाव. भिंत जवळ आली की पट्टा फार कामाला येतो." स्टिअरिंगशेजारी त्याच्यासाठी बसवलेला दांडा होता. खाली ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. त्याने ओढला.

तिची पाठ सीटमध्ये रुतली. फुगवटा आला, पोट हलकं झालं, फुगवटा मागे गेला, आणि समोर ते सगळं एकदम उघडं पडलं. लांबवर पांढरा ठिपका, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे करडी भिंत. तिला वाटलं, आता मरायचंच आहे तर रस्ता कशाला बघा. म्हणून तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. दांड्यावर मुठीची हाडं पांढरी झाली होती. आणि ती मूठ, तिची तिलाच जणू लाज वाटत असावी अशी, थरथरत, गुपचूप, पुढे सरकली.

गाडी दबली. पट्टा छातीत रुतला. टायर रडले आणि गाडी उभी राहिली.

तिने वर पाहिलं. काचेतून पहिला ढीग दिसत होता, पुढे, चांगला दूर. बाइकचा ढीग. त्याच्याही पलीकडे कारचा. भिंत तर अजून खेळण्याएवढी होती.

तोही तेच बघत होता. गाडीत फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. या क्षणी त्याने नुसता श्वास सोडला असता तरी ती या हातासाठी जन्मभर खोटं बोलली असती.

त्याने मनगट झटकलं.

"दोन्ही ढीग मागे पडले," तो समोर बघत म्हणाला. "कळलं? काय सांगशील?"

"दोन्ही मागे पडले."

"आणि तू ओरडलीस. ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडलीस. शेवटी तुझी दया आली म्हणून लावला."

"बरं."

"पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणाली. तो आणखी एकदा म्हणवून घेऊन मग गाडी वळवता झाला. परत येताना शीळ घालत होता. माणसं दिसू लागली तशी त्याने काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.

"विचारा हिला!" तो ओरडला. "मी नाही बोलत. साक्षीदार बोलेल."

दंतवैद्य हसरा चेहरा करून वाकला, वाद मिटवायला आलेल्या माणसासारखा. "काय मग वहिनी, कुठे लावला ब्रेक? कारच्या ढिगापाशी?"

"नाही."

"त्याच्याही पुढे?"

ती खाली उतरली. पदर नीट केला. आवाज तिचा नेहमीचाच, मऊ, झोपेला आलेल्या मुलाला थोपटतानाचा.

"बाइकच्या ढिगाच्याही खूप आधी," ती म्हणाली. "दोन्ही ढीग पुढेच राहिले."

बेकरीवाला हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलं आणि मग ते आवरेना. दंतवैद्याने तोंड फिरवलं.

"वहिनी, पुरे," धाकटा म्हणाला. "पुरे झालं."

पुरे झालंच होतं, तिला थांबता आलं असतं. पण जिभेला एक गोडी लागली होती, इतक्या वर्षांत कधी चाखली नव्हती अशी.

"मी ओरडले नाही हं," ती म्हणाली. "खोटं बोलायला सांगितलंय त्यांनी, ओरडले म्हणून. तीन वेळा पाठ करून घेतलं. ब्रेक लावताना हात कसा होता सांगू? तापात पोर कापतं तसा."

नवरा स्टिअरिंगमागे बसून होता. कुबडी मागच्या सीटवर होती, ती त्याला हवी होती आणि कुणी देत नव्हतं. ती गाडीपाशी गेली, खिडकीतून आत वाकली, आणि त्याच्या मांडीवरचा तो हात मनगटाला धरून वर उचलला, सगळ्यांना नीट दिसेल असा.

"बघा ना," ती म्हणाली. "अजून कापतोय."