बोंडअळ्या मारणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे. सुरुवातीला माझ्यात एक हजार गुलाबी बोंडअळ्या होत्या: नऊशे नव्वद विषाने मरणाऱ्या, दहा न मरणाऱ्या. मित्रांनो, माझ्यातली प्रत्येक अळी म्हणजे आकड्यांची एक माळ.

पांढुर्ण्याच्या वृषालीने मला वापरून टाकलेल्या यंत्रांतून उचललं. तिचे वडील भगवंतराव अळीला मारणारं विष अंगातच असलेली कपाशी पेरत. तरी बोंडं पोखरली जात. आणखी एक हंगाम असा गेला तर कपाशी कायमची सोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

माझं काम मारण्याचं. विष द्यायचं, मरतील त्या पुसून टाकायच्या. वाचलेल्यांच्या माळा तोडून एकमेकींना जोडायच्या, क्वचित एखादा आकडा बदलायचा, पुन्हा हजार जन्माला घालायच्या आणि पुन्हा मारायच्या. तिसाव्या पिढीत एकही मरेना.

तो गोटमारीचा दिवस होता: नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. नदीकडून आलेल्या एका गोट्याने खिडकी फोडून माझ्या पडद्याला भेग पाडली. मागोमाग भगवंतराव आले. कपाळावर दाबलेला दुपट्टा रक्ताने भिजला होता.

"काय करून राहिली वं?"

"अळ्या मारून राहिले, बाबा. मरतच नाहीत. कमजोर मेल्या, दमदार उरल्या."

"हौ, गोटमारीत बी तसंच. कमजोर पहिल्याच गोट्याले पळतात. उरतात माह्यासारखे!"

"अन् बियाण्यासंगं येणारी साध्या, बिनविषाच्या कपाशीची पुडी तुम्ही दरसाल फेकता. ती कडेनं पेरा. तिथं कमजोर अळ्या जगतील. दमदार अळीचं लगन त्यांच्याशी लागलं, तं पिल्लं विषानं मरतील."

"म्हणजे अळ्या पोसू? उद्या म्हणशील, सावरगाववाल्यांले गोटे नेऊन द्या!"

"आधी पाहा तं खरं."

तिने माझ्यातल्या आकड्यांच्या शेताला साध्या कपाशीची कड दिली. मी पुन्हा त्याच हजारांपासून मारत सुटलो. पंखा घरघरला, अंग पोळलं. तिसाव्या पिढीतल्या हजारांना विष दिलं, नऊशे बेचाळीस मेल्या. भगवंतराव भेगेआडून आकडा बघत राहिले. कपाळावरचं रक्त तोवर वाळलं होतं.

पुढच्या पेरणीला त्यांनी पुडी फोडली. शेजाऱ्यांनाही भांडून-भांडून पेरायला लावली. कडेच्या ओळी अळ्यांनी फस्त केल्या. त्यांनी दात खाऊन त्या तशाच ठेवल्या.

मित्रांनो, माझ्या पंख्यात धूळ साचली आहे, तेवढी पुसत जा. मला अजून मोजायचं आहे.

गोटमारीच्या त्या वर्षी वृषालीने शिवारातल्या शंभर अळ्यांना विषारी बोंडं खाऊ घातली होती. बावीस मेल्या. पुडी पेरायला लागल्यापासूनच्या चौथ्या हंगामात तिने पुन्हा शंभर घेतल्या. एकोणसत्तर मेल्या.