मफिनशी बोलायची भाषा

कृष्णातचा फोन आला तेव्हा मी शेळ्यांना पाला टाकत होते. "आई, घरात सोबत पायजे बघ," तो म्हणाला. "आमी दोघंबी दिवसभर भायेर. तू ये आता कायमची."

सोबत कुणाला, हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? त्याच्या घरात दोन लहान पोरं. संयोगिता तिसरीत, पृथ्वीराज शिशुवर्गात. मालक गेल्यापासून दर दिवाळीला मी म्हणत होते, नातवंडं सांभाळायला मला घेऊन चल. तो म्हणायचा, बघू. जत तालुक्यातल्या आमच्या गावात मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातली निम्मी तरणी पोरं माझ्या मांडीवर बसून बडबडगीतं शिकली. कृष्णातही त्यातलाच. आता आपली स्वतःची पोरं मांडीवर यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेळ्या शेजारच्या धोंडुबाईला दिल्या. मालकांची मेंढरं राखलेला आमचा खंड्या कुत्रा तिच्याच दारात बांधला. "त्यालाबी घिऊ की गाडीत," मी म्हणाले, तर कृष्णात म्हणाला, "आई, सोसायटीत दुसरं कुत्रं चालत न्हाई." पहिलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

सांगलीत विश्रामबागला त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दार उघडल्याबरोबर ते पहिलं माझ्या अंगावर आलं. पिवळसर, थोराड, शेपटीच्या एका फटक्यात टीपॉयवरचं सगळं खाली.

"हा मफिन," संयोगिता म्हणाली.

"म्हंजे काय गं?"

"केक असतो आजी. छोटा."

"खायच्या वस्तूचं नाव कुत्र्याला? उद्या कोण थालीपीठ म्हणंल."

पोरं खदखदून हसली. पृथ्वीराज तर पुढं किती दिवस त्याला थालीपीठच म्हणत होता. सून क्रांती साताऱ्याची, बोलायला गोड. "कुत्रं नका म्हणू आई," ती हसत म्हणाली, "मफिन म्हणा. घरातलाच आहे तो."

सकाळी पोरांची बस यायची. मागोमाग ही दोघं ऑफिसला. मी पोरांसाठी म्हणून शेंगदाण्याचे लाडू केले, बाजरीचे गोड दिवे उकडले आणि दुपारभर वाट बघत बसले. पोरं शाळेतून परस्पर पाळणाघरात जात होती. घरी यायची सहाला, डोळे तारवटून. मग गृहपाठ, जेवण, झोप.

"आता मी हाय की," मी क्रांतीला म्हणाले. "पाळणाघर कशाला?"

"बघू आई. त्यांना तिथली सवय झालीय."

दिवसभर घरात मी आणि मफिन. त्याला आपलं जेवण द्यायचं नाही, त्याचं वेगळं. त्याला दोनदा खाली फिरवायचं. मी उठून आत गेले की आत यायचा, बाथरूमला गेले की दारात बसायचा. वाईट जनावर नव्हतं. पण मी त्याच्यासाठी घर सोडलं नव्हतं.

एकदा त्याला फिरवून आणताना खालच्या मजल्यावरची साक्षी जिन्यात भेटली. "बरं झालं काकू तुम्ही आलात," ती म्हणाली. "अहो, एकटं ठेवलं की इतकं रडायचं ते! माझ्या सासूबाई आजारी, त्यांचा दुपारी डोळा लागायचा नाही. शेवटी मीटिंगमध्ये सगळेच बोलले. तेव्हा कृष्णातभाऊ म्हणाले, आईला आणतो, त्याला सोबत होईल."

मी जिना चढून वर आले. रात्री सगळे जेवायला बसल्यावर विचारलं, "किस्ना, सोबत कुणाला पायजे हुती रं?"

"म्हंजे?"

"मला वाटलं पोरास्नी. साक्षी म्हणती, कुत्र्याला."

कृष्णातनं घास तसाच हातात धरला. "तसं न्हवं गं आई. सगळ्यांनाच की."

"सगळ्यास्नी म्हंजे आदी मफिन, उरली तर पोरं. व्हय?"

"आई, गैरसमज नका करून घेऊ," क्रांती म्हणाली.

"मी कुत्र्याला नाव ठेवत न्हाई. त्ये बापडं खरं तरी हाय. एकट्याला करमंना, तर रडलं. तुमी मला सरळ म्हणला असता तरी आले असते. आता एक करा. पोरं दुपारची घरी येऊ देत. न्हाईतर मला जतच्या यष्टीत बसवा."

कृष्णातनं मान डोलावली. त्या सोमवारपासून पोरं दुपारी घरी यायला लागली.

ते दिवस चांगले गेले. जेवण झालं की आम्ही सतरंजी टाकायचो. मी त्यांना अंगणवाडीतली गाणी म्हणून दाखवायची, दोघं नाचायची, मफिन मध्ये मध्ये लुडबुडायचा. आमच्याकडं कर्नाटकाच्या हद्दीवर बोलण्यात निम्मं कानडी असतं. मालक मेंढरांना 'बा, बा' म्हणून बोलवायचे, म्हणजे ये, ये. मीही मफिनला तशीच हाक मारायची. कृष्णातनं इंग्रजीत दहा वेळा बोलावलं तरी जागचं न हलणारं ते कुत्रं माझ्या एका 'बा'ला गॅलरीतून पळत यायचं. 'गप ऱ्हा' म्हटलं की बूड टेकायचं.

एका रविवारी क्रांतीनं हे बघितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आमचा व्हिडिओ काढला आणि 'आमचा मफिन जतचा झाला' असं लिहून माहेरच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर साताऱ्याहून कौतुकाचे फोन येत होते. मला वाटलं, या घरात आपलं पाऊल टेकलं.

पुढच्याच आठवड्यात पृथ्वीराजच्या वर्गात मिसनं मुलांना आपल्या आवडत्या प्राण्याबद्दल बोलायला सांगितलं. दुपारी बसमधून उतरल्या उतरल्या तो मला बिलगला. "आजी, मी म्हटलं, आमचं कुत्रं लय गुणाचं हाय. बा म्हणलं की येतंय, गप ऱ्हा म्हणलं की बसतंय. सगळे किती हसले! मग मी परत म्हणून दाखवलं."

त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

संध्याकाळी क्रांतीच्या मोबाइलवर मिसचा निरोप आला. घरी मुलाशी शुद्ध भाषेत बोलत जा. क्रांती चिडली नाही. चिडली असती तर मीही भांडले असते. ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मी साताऱ्याहून पुण्याला कॉलेजला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी 'आमी' म्हणाले. मुलींनी वर्षभर मला 'आमी' म्हणूनच हाक मारली. आज तो हसण्यावारी नेतोय, कारण त्याला कळत नाही. पुढच्या वर्षी कळेल."

ती खोटं बोलत नव्हती.

कृष्णात सोफ्यावर मफिनचं डोकं खाजवत बसला होता. तो म्हणाला, "आई, पोरांशी जरा नीट बोलत जा की. मफिनशी बोल कसंबी. त्याला काय शाळंत जायाचं हाय?"

ज्या बोलीत तो हे म्हणाला, ती त्याला मीच दिली होती. त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं नाही.

सोमवारपासून पोरं पुन्हा पाळणाघरात जायला लागली. परीक्षेपर्यंतच, असं क्रांती म्हणाली. परीक्षा होऊन गेली.

जतच्या यष्टीची धमकी मी दिली होती, तिची मला कुणी आठवण करून दिली नाही. मीच एकदा धोंडुबाईला फोन लावला. ती म्हणाली, "आवं, तुमचं खंड्या गेलं की मेंढरामागं. वाटंनं एक कळप चालला हुता, दावं तोडून गेलं. लय शोधलं." गेलं ते बरं झालं. ज्याचं काम त्याला मिळालं. माझं काम मात्र संध्याकाळी सहाला दारातून आत येतं आणि नवाला झोपतं. त्या तीन तासांसाठी मी राहिले.

अंगणवाडीत वरच्या बाई तपासणीला आल्या की आम्ही आहे, नाही, बसा, या, असं बोलायचो. बाईंची जीप गेली की पोरंही मोकळी व्हायची आणि मीही. आता मी रोज सहा ते नऊ तपासणीत असते. दिवसभर मफिनशी मनसोक्त बोलून घेते. त्याला मालकांच्या गोष्टी सांगते, दुष्काळाच्या सांगते, कृष्णात लहानपणी कसा बोबडा बोलायचा ते सांगते. तो कान टवकारून ऐकतो.

काल पृथ्वीराज आला तेव्हा मी अशीच मफिनच्या पाठीवर हात फिरवत काहीतरी बोलत होते. त्याला बघून गप्प झाले. "आलास बाळ? हात धुऊन ये," मी म्हणाले. "तुझ्यासाठी उपमा केला आहे."

तो हलला नाही. दप्तर खाली टाकून मफिनच्या चटईवर त्याच्या शेजारी आडवा झाला.

"आजी, माझ्याशी पण मफिनसारखं बोल की."

ऑफिसातून लवकर आलेली क्रांती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. चाकूचा आवाज थांबला.

"तसं बोलायचं नसतं बाळा," मी म्हणाले. "ऊठ. उपमा गार होतो आहे."

तो उठला. मग "ओके आजी" म्हणाला आणि हात धुवायला गेला.